विरजणाची वंशावळ

उत्क्रांतीचा वृक्ष वाचायला शिकणं म्हणजे माणसाच्या अहंकाराचं विसर्जन होय, असं मी एकतीस वर्षं बारावीच्या वर्गाला सांगत आलो. त्या वृक्षात कोणी वरचा नसतो, कोणी खालचा नसतो. सगळी टोकं सारखीच आजची आणि सारखीच जुनी. हे एकदा उमगलं की माणूस आपोआप नम्र होतो.

त्या वर्गांतून बाहेर पडलेले चौघे सध्या आमच्या बोरगे गावच्या यात्रा कमिटीवर आहेत.

बोरगे कृष्णाकाठी आहे. ऊस, म्हशी आणि मतभेद ही मुख्य पिकं. चैत्रात बनाईदेवीची यात्रा असते. पहिल्या दिवशी प्रत्येक गोठ्यातलं दूध देवळात येतं, तापवून हंड्यात ओतलं जातं आणि त्याला विरजण लावायचा मान आवटींच्या घराचा. आवटी म्हणजे आम्ही. विरजण माझ्या आईच्या हातचं. तिला आम्ही अव्वा म्हणतो, आणि हळूहळू सगळं गावही तेच म्हणायला लागलं. चांदीची वाटी, वर ओला फडका, वाटी डोक्यावर, पुढे हलगी आणि सनई. आमच्या दारापासून देऊळ सात मिनिटांवर आहे. अव्वाला पाऊण तास लागतो, कारण दारोदारी बायका पाया पडायला थांबलेल्या असतात. एकोणऐंशी वर्षांची ही बाई वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस गुडघ्यांविषयी बोलते. त्या दिवशी तिला गुडघे नसतात.

हे सगळं सुरळीत चाललं असताना विज्ञानाची प्रगती झाली.

दोन वर्षांपूर्वी सरकारनं प्रत्येक दूध संकलन केंद्राला एक यंत्र दिलं. आकार जेवणाच्या डब्याएवढा. दुधाचा थेंब टाकायचा, वीस मिनिटं थांबायचं, दुधात कोणते जीवाणू आहेत ते पडद्यावर येतं. कासेचा आजार लवकर ओळखता यावा हा त्यामागचा उद्देश. तो सफलही झाला, त्यामुळे त्याबद्दल कोणी बोलत नाही. मग यंदा यंत्रात 'नातं शोधा' नावाचं नवं बटण आलं. दोन-चार नमुने घातले की त्यातल्या जीवाणूंचं आपापसात काय नातं लागतं, त्याचा वृक्ष काढून मिळतो.

यामागचं शास्त्र समजायला कठीण नाही. दह्यातल्या एका जीवाणूच्या डीएनएमध्ये सुमारे अठरा लाख अक्षरं असतात. जीवाणू दुभंगतो तेव्हा त्या अठरा लाखांची नक्कल करतो आणि क्वचित एखादं अक्षर चुकतो. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांमध्ये उतरते. परीक्षेत सात जणांनी एकच बरोबर उत्तर लिहिलं तर काहीच कळत नाही; पण सात जणांनी एकच चूक केली असेल, तर कोणी कोणाचं बघून लिहिलंय हे कुठल्याही मास्तरला कळतं. यंत्रही तेवढंच करतं. चुका जुळवतं आणि घराणी लावतं. विरजण रोज लागतं, त्यामुळे एकाच वाटीतून दोन घरी गेलेलं दही दहा-पंधरा वर्षांत काही डझन अक्षरांनी वेगळं झालेलं असतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण जिल्ह्याच्या 'वारसा चव' यादीत बोरगेचं दही घ्यायचं ठरलं, आणि त्या अर्जात कोणा कारकुनानं एक रकाना आखला होता: 'मूळ घर (एकच नाव)'.

माझा चुलतभाऊ बाळगोंडा आवटी, गावाचा तात्या, या रकान्याची गेली चाळीस वर्षं वाट बघत होता. आमच्या पणजोबांना दोन मुलगे. थोरला बाळगोंडाचा आजा. तो कुस्तीसाठी कोल्हापूरला गेला आणि अकरा वर्षांनी कान मोडून परत आला. तोवर विरजण आणि त्याचा मान धाकट्याकडे, म्हणजे आमच्याकडे, स्थिर झाला होता. "थोरली पाती आमची आणि वाटी तुमची," हे वाक्य मी लहानपणापासून प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीत ऐकलंय.

सात घरांचे नमुने यंत्रात गेले. वृक्ष आला. कमिटीनं तो मला न दाखवता फ्लेक्सवर छापला आणि देवळासमोर लावला. दहा फूट बाय सहा फूट. प्रत्येक फांदीच्या टोकाला घरातल्या कर्त्याचा फोटो, नमस्कार केलेला. सर्वांत वर बाळगोंडा. मग एकेक फांदी फुटत, पायऱ्या उतरत, सर्वांत खाली अव्वा आणि तिच्या जोडीला दूध केंद्रावरची रुक्साना मुजावर. अव्वाचा फोटो आधार कार्डावरून घेतला होता.

"झाडच बोलायलंय आता," बाळगोंडा फ्लेक्सखाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. "थोरली पाती वर. आमी काय बोलायचं?"

मी कमिटीची बैठक बोलवायला लावली.

कमिटीचा अध्यक्ष उत्तम खराडे. बारावीला माझ्या विषयात त्याला अडुसष्ट मार्क होते. गाइड पाठ करून मिळवलेले मार्क दिसतात. ते वीस वर्षांनीही दिसतात.

"सर, सरळ आहे की," तो म्हणाला. "वंशावळीत थोरल्याचं नाव वर काढतात. धाकटा खाली."

"ही वंशावळ नाही, उत्तम. टोकांच्या क्रमाला काही अर्थ नसतो. फांद्या कुठं जुळतात तेवढं बघायचं. हा वृक्ष तुला परीक्षेत आला होता. पाच मार्कांना."

"व्हय, आला होता. त्याच्यात माकड होतं. माकड खाली, माणूस वर."

"माकड बाजूला होतं!"

"वही आडवी धरा असं तुम्ही सांगितलं नव्हतं," उत्तम म्हणाला. बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. नव्हतंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी घरातून सहा हँगर नेले. "माझ्या साड्या कशाला अडकवू?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा "उत्क्रांतीला," असं मी म्हणालो, आणि तो विनोद तिला आवडला नाही. देवळाच्या सभामंडपात पंख्याच्या हुकाला दोरीनं पहिला हँगर टांगला. त्याच्या एका टोकाला बाळगोंडाच्या नावाची चिठ्ठी, दुसऱ्या टोकाला दुसरा हँगर. त्याच्या एका टोकाला पुढचं घर, दुसऱ्याला तिसरा हँगर. असं करत शेवटच्या हँगरच्या दोन टोकांना अव्वा आणि रुक्साना. झाडाची हुबेहूब प्रतिकृती.

"आता डावीकडून वाचा. पहिलं नाव कोणाचं?"

"तात्यांचं," सगळे म्हणाले. बाळगोंडानं नम्रपणे जमिनीकडे पाहिलं.

मी वरचा हँगर अर्धा फिरवला. बाळगोंडा उजवीकडे गेला. मग बाकीचे फिरवले. अव्वा डावीकडे आली. "आता?"

"अव्वा!"

"कोण कुठल्या हँगरला आहे, हे बदललं का?"

"न्हाई."

"एक तरी गाठ मी सोडली का?"

"न्हाई."

"मग? यातून काय शिकलात?"

सभामंडपात शांतता झाली. एकतीस वर्षांत मी या शांततेवर अनेकदा विश्वास ठेवलाय.

"निकाल बदलला," उत्तम म्हणाला.

बाळगोंडा उठला. "असं फिरवाफिरवी करून मान घ्यायचा असंल तर आमाला पण हात हायत की!" त्यानं हँगरला हिसका दिला. सगळं झाड गरगर फिरायला लागलं. सात घरं एकामागून एक डावीकडे येऊन गेली आणि जाताना प्रत्येकाच्या माणसानं "आलं, आलं!" म्हणून घेतलं.

मग कमिटीतले सर्वांत ज्येष्ठ सभासद उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. "माझं ऐका. हे असंच फिरू दे. आपलं आपण थांबलं की डावीकडं ज्याची चिठ्ठी, त्याचा मान. देवीचा कौलच म्हणायचा. तीनदा फिरवू. दोनदा येईल तो खरा."

"डावा कौल की उजवा?" कोणीतरी विचारलं. यावर अर्धा तास चर्चा झाली.

मी हँगर उतरवायला लागलो, तेव्हा बाळगोंडानं मला गाठलं. अंगानं पैलवानाचा नातू असला तरी डोकं त्याचं चालतं, हे मला मान्य करावं लागेल.

"राजशेखर, क्रम राहू दे बाजूला. फिरवलं तर बदलतो, पटलं मला. पण पहिला हँगर तर पहिलाच राहतोय न्हवं? त्याच्यावर मी. म्हणजे सगळ्यांत आधी माझी फांदी फुटली. हे कुठं बदलतंय?"

"बदलत नाही," मी म्हणालो. कोणीतरी झाडाकडे बघून प्रश्न विचारतंय, या आनंदात माझा आवाज चढला. "पण आधी फुटली म्हणजे मूळ, असं होत नाही. फाट्याला दोन बाजू असतात. तुम्ही त्यांच्यापासून वेगळे झालात, त्याच क्षणी ते तुमच्यापासून वेगळे झाले. दोघं सारखेच जुने."

"म्हणजे माझा भाऊ वेगळा राहायला गेला, तर मी पण वेगळा राहायला गेलो?"

"हो! अगदी बरोबर!"

"पण घर तर माझ्याकडंच राहिलं की."

सगळे हसले. "सरांना व्यवहार कळत न्हाई," उत्तमनं निर्वाळा दिला. तरी जाता जाता त्यानं विचारलं, "मग खात्रीचा मार्ग कुठला, सर? सोमवारी अर्ज द्यायचाय. गुरुवारी यात्रा."

"पहिला फाटा कुठला, हे यंत्रानं अंदाजानं धरलंय. खात्री करायची तर एक परका नमुना घालावा लागतो. ज्याचा या सातांशी जवळचा संबंध नाही असा. तो जिथं येऊन जोडला जातो, तिथं झाडाचं मूळ."

"मग घाला की परका," बाळगोंडा म्हणाला. "भ्यायचं काय त्यात?"

घरी आलो तर देव्हाऱ्यात चांदीची वाटी पालथी घातलेली. अव्वा पलंगावर पाय पसरून बसली होती आणि गुडघ्यांना तेल लावत होती.

"बाळगोंडाच्या बायकोला देऊन टाक वाटी," ती म्हणाली. "माझ्यानं चालवत न्हाई आता."

"अव्वा, ते लोक चुकीचं वाचतायत."

"मग बरोबर काय लिवलंय त्यात?"

मी सांगितलं. चुका, फांद्या, फाटे, सगळं. अव्वा चौथीपर्यंत शिकलीय. तिनं मध्ये एकदाही माकडाचा विषय काढला नाही.

"कोण कुणापासनं फुटलं, एवढंच कळतंय?" तिनं विचारलं. "का पहिलं कुठनं आलं ते पण कळतंय?"

"परका नमुना घातला की तेही कळेल."

तेल लावणारा हात थांबला. "नको घालू," ती म्हणाली. "कशाला परक्याला मधी आणायचं? वाटी दे आणि मोकळा हो."

मला भरून आलं. केवढा हा मोठेपणा, असं मला वाटलं. एकतीस वर्षं पुराव्यानिशी विचार करायला शिकवणाऱ्या माणसाला जे वाटू नये, ते नेमकं तेव्हा वाटलं. मी त्याच पावली चौकात गेलो आणि दुकानातून डेअरीच्या दह्याचं पाकीट आणलं. पिशवीवर निळी गाय. गावात दुसरं पाकीट मिळतच नाही.

दूध संकलन केंद्र रुक्साना मुजावर चालवते. माझ्या विषयात ती दोनदा नापास झाली होती, हे तिच्याइतकंच मलाही आठवतं आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही. नवरा गेल्यावर तीन वर्षांपूर्वी ती गावात परत आली. फ्लेक्सवर अव्वाच्या जोडीला तिचा फोटो होता, कारण यंत्रानं तसं सांगितलं होतं.

"सर, एक विचारू?" यंत्र चालू करून ती म्हणाली. "मी गावात आले तेव्हा पहिलं विरजण अव्वांकडनंच नेलं होतं. म्हणून मी त्यांच्याजवळ. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे जे पायऱ्या-पायऱ्यांचं झाड आलंय, ही मला तर रांग वाटतेय. अव्वांच्या दारातली. जो जसा वाटी घेऊन गेला तसा. सगळ्यांत आधी तात्या, सगळ्यांत शेवटी मी."

असा वृक्ष बघून असा विचार करणारा विद्यार्थी मिळावा म्हणून मी एकतीस वर्षं खडू झिजवला होता. मिळाला होता, आणि मी त्याला दोनदा नापास केलं होतं.

"झाडावरून एवढंच सिद्ध होत नाही," मी म्हणालो. "पण जुळतंय. अगदी जुळतंय."

वीस मिनिटांनी परक्यासकट नवा वृक्ष आला. पाकीट सातही घरांच्या बाहेर, पहिल्या फाट्याच्याही आधी जोडलं गेलं होतं. म्हणजे मूळ बरोबर होतं आणि रांग पक्की होती. मी टाळी वाजवणार, एवढ्यात रुक्सानानं पडदा माझ्याकडे वळवला.

"सर, ह्याला फांदीच नाही."

या झाडात फांदीची लांबी म्हणजे चुकांची संख्या. सातही घरं मुळापासून तीस-चाळीस अक्षरं दूर होती. खरा परका हजारो अक्षरं लांब असायला हवा होता. त्याची फांदी पडद्याबाहेर जायला हवी होती. पाकिटाची फांदी दोन अक्षरांची होती. ते झाडाच्या मुळाशी चिकटूनच बसलं होतं, दाराशी सोडलेल्या चपलेसारखं.

"टोकावरचा कोणी दुसऱ्या टोकाचा पूर्वज नसतो, असं तुम्ही शिकवलेलं," रुक्साना म्हणाली. "हे माझ्या बरोबर लक्षात आहे, कारण ह्याच्यात माझे मार्क गेलेले."

"नसतोच."

"पण फॅक्टरीत रोजचं विरजण लावत नाहीत, सर. ट्रेनिंगला आम्हाला दाखवलंय. गोठवलेलं असतं. दरवेळी त्याच जुन्या साठ्यातनं काढतात. वीस वर्षं झाली तरी ते आहे तिथंच." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "ह्याला चुका करायला वेळच मिळाला नाही. म्हणून हा नावाला टोक. खरं तर पणजोबा."

यंत्रानं कोपऱ्यात अंदाजे काळही दिला होता. पहिला फाटा: सतरा ते एकोणीस वर्षांपूर्वी.

अठरा वर्षांपूर्वी, दोन हजार एकोणीसला, महापूर आला होता.

मी घरी गेलो. अव्वानं माझ्या हातातली निळ्या गाईची पिशवी बघितली आणि तेलाची बाटली खाली ठेवली.

"घातलास न्हवं परका," ती म्हणाली.

मी तेव्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पुण्यात अडकलो होतो. रस्ते बंद होते. गाव आठ दिवस छावणीत. या आठ दिवसांबद्दल मी अव्वाला कधी नीट विचारलंच नव्हतं. घर वाचलं, म्हशी वाचल्या, माणसं वाचली. दह्याची चौकशी कोण करतो?

"विरजण फळीवर ठेवलं होतं, वर झाकण," अव्वा सांगायला लागली. "आलो तर फळीपतोर चिखल. बुडकुलं आडवं. त्यात बेडूक बसलेला. मी हितंच खाली बसले. तुझ्या आज्जीनं माझ्या हातात दिलेलं ते, पंचेचाळीस वर्षं जपलेलं." तिनं बाटलीला बूच लावलं. "तवर दारात बाळगोंडाची मालन. चिखल पण काढला नव्हता अजून. वाटी घेऊन उभी. अव्वा, आमचं समदं गेलं, मानाचं तेवढं थोडं द्या म्हणाली. मागनं खराड्याची सून."

"मग?"

"छावणीत दही वाटलं होतं. निळी गाय होती. अर्धं पाकीट पिशवीत होतं माझ्या." अव्वानं पदरानं हाताचं तेल पुसलं. "मी काय सांगू तिला, राजू? देवीचं विरजण मेलं म्हणून? लोकांची भांडी न्हवती, कपडे न्हवते. निदान दही तरी होतं तेच आहे असं वाटू दे म्हटलं. दूध तापवलं, लावलं. सकाळी दिलं दोघींना, मग वर्षानुवर्षं येईल तिला."

"आणि यात्रेत?"

"यात्रेत पण तेच. लागलं की दही. चांगलं घट्ट लागलं." मग खालच्या आवाजात: "देवी काय बोलली न्हाई."

अठरा वर्षं ही बाई डोक्यावर वाटी घेऊन पाऊण तास चालत होती, आणि पाया पडणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर हात ठेवताना तिच्या मनात निळी गाय होती.

सोमवारी बैठक झाली. मी वृक्षाचा कागद घेऊन गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. खोटं सांगायचं नाही, एवढंच ठरवलं होतं, आणि त्याचा ताण शिकवण्यापेक्षा जास्त होता.

"परका बसला का?" उत्तमनं विचारलं.

"बसला. पण आधी मला एक सांगा. पुरानंतर तुमच्या घरी पहिलं दही कशानं लागलं?"

उत्तमनं पंख्याकडे पाहिलं. जिथं हँगर होते तिथं नुसती दोरी लोंबत होती.

"तात्या? तुम्ही आठवा. थोरली पाती."

बाळगोंडा म्हणाला, "एवढं कुठलं आठवायला? बायकांचं काम ते."

त्याची बायको मालनवहिनी चहाचे कप घेऊन आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला. "मला इचारा की मग. मीच गेले होते वाटी घेऊन. सगळ्यांत आधी." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी तवा ट्रॅक्टर ओढत होता चिखलातनं, आणि रात्री ताक पायजे म्हणून वरडला होता. कुठनं आणलं असंल?"

"म्हणजे अव्वांकडनं," उत्तम सावकाश म्हणाला. "आणि त्यानंतर आमची आई." त्यानं फ्लेक्सच्या दिशेनं बोट केलं. दुसरी फांदी खराड्यांची होती. "मग मठपती... सर! हे झाड म्हणजे रांग आहे!"

"या बाबतीत, हो," मी म्हणालो. "पहिली फुटलेली फांदी म्हणजे पहिली पोचलेली वाटी."

बाळगोंडानं चहा बशीत ओतला. बराच वेळ त्यावर फुंकर घातली. "चाळीस वर्षं," तो बशीला म्हणाला. मग वर न बघता, "अव्वांचंच नाव घाला. पण थोरली पाती आमचीच. ते वेगळं."

"ते वेगळंच," सगळ्यांनी मान्य केलं.

मी कागदाची घडी घालत होतो, तेव्हा उत्तमला आठवलं. "पण सर, तो परका कुठं बसला? कागदावर लिवून घ्यावं लागंल."

दाराशी रुक्साना उभी होती. यंत्राचा अहवाल तिच्या सहीनं जाणार होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"बाहेर," मी म्हणालो. "सातही घरांच्या बाहेर."

हे शंभर टक्के खरं होतं. फांदी किती लांब, असं कोणी विचारलं नाही. एकतीस वर्षांत कोणीच कधी विचारलेलं नाही आणि त्याबद्दल मी प्रत्येक तुकडीला बोललो आहे. त्या दिवशी नाही बोललो.

रुक्सानानं सही केली.

उत्तमला एक शंका मात्र उरली होती. "सगळ्यांचं वाहून गेलं, मग अव्वांनी तेवढं टिकवलं कसं?" मी तोंड उघडायच्या आत ज्येष्ठ सभासदांनी सांगितलं की होडीत बसताना वाटी पदराखाली होती, त्यांनी स्वतः पाहिलं होतं. बुधवारपर्यंत अव्वा होडीत नसून पोहत आली होती. फ्लेक्स नवा छापला. मी स्वतः फांद्या फिरवून अव्वाला वर आणून दिलं, कारण त्यानं नातं बदलत नाही. छापणाऱ्यानं खाली पुराच्या पाण्याचं चित्र टाकलं आणि अव्वाच्या आधार कार्डावरच्या डोक्यावर वाटी चिकटवली.

हे सगळं मी अव्वाला सांगितलं. तिनं गुडघ्यांवरचं तेल पुसलं. मग उठली, देव्हाऱ्यातली वाटी सरळ केली आणि चिंच लावून घासायला घेतली. "मला पवता येत न्हाई, हे कुणाच्या ध्यानात न्हाई का आलं?" तिनं विचारलं.

गुरुवारी ती सात मिनिटांचं अंतर तासाभरात चालली. गुडघे नव्हते. बाळगोंडाच्या दारात मालनवहिनी पाया पडायला वाकली, तेव्हा अव्वानं तिला उठवलं आणि तिच्या हातात वाटी देऊन पुढची चार घरं तिलाच चालवली. हे कशासाठी, यावर गावात तीन मतं आहेत. हंड्याला विरजण लागलं. दुसऱ्या दिवशी दही असं घट्ट होतं की पळी उभी राहिली. 'वारसा चव'चा अधिकारी दोन वाट्या खाऊन म्हणाला, ही चव बाजारात मिळत नाही.

परक्याचं उरलेलं पाकीट आमच्या फ्रीजमध्ये होतं. संध्याकाळी मी ते टाकायला काढलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं: उघडल्यावर दोन दिवसांत संपवावे.